बिनआकड्याचं लोखंड

मे महिना लागला की आमच्या विद्यानगरच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या कूलरची मोटर जळते. दर उन्हाळ्यात. टाकीतलं पाणी संपलेलं असतं, पंप कोरडा फिरत असतो, आणि घरातली माणसं मोबाईलात मुंडी घालून बसलेली. मग तो वास सुटतो. तापलेल्या वार्निशचा, करपलेल्या कागदाचा, तांब्याच्या तारेवरचं कातडं सोलून निघाल्याचा. सून येते आणि खिडकी लावून घेते. मी म्हणतो, उघडी ठेव.

"मामा, डोकं दुखतं त्या वासानं."

"तुझं दुखतं. मला राग येतो. येऊ दे."

ती खिडकी अर्धी लावते. म्हणजे तिचंही राहिलं आणि माझंही. या घरात आता सगळं असंच अर्धं चालतं. नातवंडं मराठी बोलतात अर्धी, वाचत तर नाहीतच. हे मी लिहितोय ते कोण वाचणार, हा प्रश्न मला कुणी विचारू नये. मी चौथी शिकलेला माणूस. मला लिहायला आलं म्हणून लिहितो, आणि राग धरून लिहितो. राग नसता तर मी गप झोपलो असतो दुपारचा.

राग कुणावर, ते सांगतो. हमीदवर. मरून जमाना झाला त्याला, तरी.

नारायणगुड्यात एका गल्लीत आमची दोन दुकानं होती, एका भिंतीची. अलीकडे माझं: रेडिओ, अॅम्प्लिफायर, माईक सेट दुरुस्ती. पलीकडे हमीदचं: ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग. मधल्या भिंतीला पाटीएवढं भोक पाडलेलं. त्यातून तारा जायच्या, चहाचे गिलास जायचे आणि शिव्या जायच्या. माझ्या बापानं बिदरकडची कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली करून मला इथं एका रेडिओवाल्याच्या हाताखाली टाकलं. हमीद इथलाच, जन्माचा. त्याची उर्दू आणि माझी मराठी मिळून जी काही भाषा झाली ती आम्हा दोघांना पुरली. भांडायला तर फारच पुरली.

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आता कुणी पाहिलेला नसतो म्हणून सांगतो. काचेच्या नळ्या असतात, दिव्यासारख्या पेटतात, मंद नारिंगी. त्यांतून आवाज मोठा होतो. पण त्या नळ्यांना जेवायला घालणारा एक लोखंडी ठोकळा मागं बसलेला असतो, तो पॉवर ट्रान्सफॉर्मर. घरातली वीज घ्यायची आणि नळ्यांना पाहिजे तशी करून वाढायची, हे त्याचं काम. घरच्या कर्त्या बाईसारखं: ती किती जणांना पुरी पडेल ते ठरलेलं असतं. त्यापेक्षा जास्त पंगत बसवली की ती बोलत नाही, तापते. मग एक दिवस वास सुटतो.

ती पुरी पडण्याची ताकद म्हणजे त्याची कपॅसिटी. कारखान्याच्या मालावर ती पत्रीवर कोरलेली असते. हमीदच्या मालावर काहीच नसायचं. काळं वार्निश, चार पाय, लोंबणाऱ्या तारा. बस.

"हमीद, आकडा लिही रे. खडूनं तरी लिही."

"कैकू?"

"गिऱ्हाइकाला कळेल."

"दुल्हन के माथे पे वजन लिखते क्या?"

दरवेळी नवीन विनोद. "बाप के कुर्ते पे उमर लिखते क्या." "बिर्यानी पे लिखते क्या, इतने लोगां खाना." त्याच्या मालाचे आकडे त्याच्या डोक्यात होते. कोणता ठोकळा कुठल्या मंगल कार्यालयात बसलाय, कुठल्या देवळात, कुठल्या दर्ग्यात, सगळं तोंडपाठ. भोकातून ओरडून विचारलं की भोकातून उत्तर यायचं. एकदाच, एका संध्याकाळी, दुकानाच्या फळ्या लावताना तो नीट बोलला होता.

"शेषू, लिख्या तो आदमी पढ़ लेता. पढ़ लिया तो हाथ नहीं लगाता."

मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलं असं नाही. पण पुढं येईल.

त्याची तपासायची रीत अशी होती. ठोकळा तयार झाला की बल्बांच्या पाटीला जोडायचा. लाकडी पाटी, तिच्यावर पंचविसाचे बल्ब, दोन-दोन एकामागं एक जोडलेले, कारण एकट्या बल्बला तेवढा दाब सोसत नाही. एकेक जोडी पेटवत जायचं म्हणजे ठोकळ्यावर ओझं वाढत जातं. मग बसायचं. लोखंड सावकाश तापतं, अख्खी दुपार खातं. तापलं की त्याच्यावर उजवा पंजा ठेवायचा, सपाट, आणि कलमा म्हणायचा. कलमा पूर्ण होईपर्यंत हात टिकला तर तेवढं ओझं त्याला झेपतं. मधेच उचलावा लागला तर एक जोडी काढायची आणि पुन्हा बसायचं. मी माझ्या बाजूला तसाच पंजा ठेवून रामरक्षेतले श्लोक म्हणायचो. कधी कधी भोकातून दोघांचं एकदम ऐकू यायचं आणि रस्त्यावरचा माणूस थबकून आत बघायचा, की इथं चाललंय काय.

हे काम तो उन्हाळ्यासाठी राखून ठेवायचा. पत्र्याच्या छपराखाली, घामाच्या धारा लागलेल्या असताना. "मई में जो टिक्या वो टिक्या." थंडीत तपासलेला माल आणि थंडीत केलेलं लग्न, दोन्हीची खात्री तो देत नसे.

आता त्या उन्हाळ्याबद्दल. देशाची दारं उघडली, असं सगळे म्हणत होते. रेडिओवर, चहाच्या हॉटेलात, माझ्या साडूच्या तोंडी तर दिवसभर. दारं उघडली म्हणजे काय ते आमच्या गल्लीत असं दिसलं, की चकचकीत प्लास्टिकच्या पेट्या आल्या. पुढं लुकलुकणारे दिवे, आणि छातीवर स्टिकर: हजार वॉट. पुढच्या महिन्यात आली तिच्यावर दोन हजार. मी पहिली पेटी हातात घेतली तेव्हा माझा हात वर गेला, एवढी हलकी. मी जोर लावून उचलली होती ना. हमीदनं भोकातून मुंडी घालून पाहिलं.

"इसमें क्या है रे?"

"हजार वॉट."

"कहाँ रक्खे? बाहर इच चिपकाए क्या?"

उघडून पाहिली तर आत लिंबाएवढा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या ताकदीत हजार सोडा, एखादी गल्ली जागी झाली तरी पुष्कळ. पण स्टिकरवर छापलेलं होतं, आणि लोकांना वाचता येत होतं. माईक सेटवाल्यांनी जुने व्हॉल्व्हचे सेट आमच्याच दारात आणून टाकले. दुरुस्तीला नाही, काढून टाकायला. ज्या सेटांनी त्यांच्या बापांची घरं चालवली ते त्यांनी मोडक्या खुर्च्यांसारखे रचले. मला त्यांचा राग आला, पेट्यांचा आला, साडूचा आला. तो म्हणाला, "शेषराव, जमाना बदलतोय, एजन्सी घ्या." मी म्हटलं, "तुम्ही घ्या, आणि माझ्या दारावरून जाताना आवाज कमी ठेवा."

आणि नेमका त्याच चैत्रात हमीद पडला.

सकाळी नळावर तोंड धुता धुता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून आला तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता: हौ. हो म्हणायला हौ, नाही म्हणायला हौ, पाणी मागायला हौ, शिवी द्यायला हौ. नुसता सूर बदलायचा. आयुष्यभर कशालाच सरळ हो न म्हटलेल्या माणसाला देवानं नेमका तोच शब्द ठेवला. मी हे त्याला म्हणून दाखवलं तर अर्ध्या तोंडानं हसला, आणि ते हसू बघवेना म्हणून मी उठून आलो.

दुकानाचा मालक तिथं कॉम्प्लेक्स बांधणार होता. बकरीदपर्यंत खाली करा म्हणाला. हमीदची बायको, आम्ही तिला भाभी म्हणायचो, तिनं भंगारवाल्या यादगिरीला बोलावलं. तो तागडी घेऊन आला. आत हमीदचा सगळा तयार माल फळ्यांवर रचलेला होता, काळे ठोकळे, ओळीनं, गप. यादगिरीनं एक उचलला, फिरवून पाहिला.

"अन्ना, इसपे कुछ लिखाच नहीं. क्या है, कितने का है, किसकू मालूम? तोड़के तांबा अलग, लोहा अलग."

"तोडायचं नाही," मी म्हटलं.

"फिर कौन लेगा?"

"जे घेणार ते घेतील. मी आकडे लिहितो. तू हो बाहेर."

भाभी दारात उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. ती एवढंच म्हणाली, "भाई, उनकू जो मालूम था वो उनके साथ बंद हो गया. तुम कैसे लिखेंगे?"

मला त्याचाच राग आला. तीस वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो, आणि मला लिहिता येणार नाही? आकडा लिहिला तर तो माल. नाही लिहिला तर तांबं. हमीदचं आयुष्य माल म्हणून जाणार की तांबं म्हणून, एवढीच गोष्ट होती, आणि ती मी माझ्या अंगावर घेतली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिनआकड्याच्या ठोकळ्याची ताकद काढायला आमच्या धंद्यात एक हिशोब असतो. पत्र्यांच्या थप्पीतली मधली पट्टी, जिच्याभोवती तार गुंडाळलेली असते, तिची रुंदी इंचात मोजायची. थप्पीची जाडी मोजायची. दोन्हींचा गुणाकार, त्याचा पुन्हा स्वतःशी गुणाकार, त्याला तीसनं गुणायचं. दीड इंच रुंद, दीड इंच जाड. दिडकी चालवा, सव्वादोन. सव्वादोन सव्वादोन पाच आणि थोडं. तिसानं दीडशे. मास्तरांनी छडी मारून सवायकी-दिडकी पाठ करून घेतली होती ती माझ्या चौथीच्या शिक्षणातली एकमेव कामाची गोष्ट. जितकं लोखंड जाड तितकी ताकद जास्त, असं ते साधं आहे. मी फूटपट्टी घेतली, खडू घेतला, आणि दोन दिवसांत निम्म्या फळ्या आटोपल्या. मोठ्या दिमाखात. प्रत्येक काळ्या पाठीवर पांढरा आकडा. दुकान शाळेसारखं दिसायला लागलं.

मग त्यातला एक उचलला, दीडशेचा, सगळ्यांत देखणा, आणि हमीदला दाखवायला घेऊन गेलो. तो दिवाणावर बसलेला, मागं तक्क्या. मी त्याच्या मांडीजवळ ठोकळा ठेवला. त्यानं आकडा पाहिला. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. त्यानं डावा पंजा उचलला, थुंकी लावली आणि आकडा पुसून टाकला. घासून घासून. काळ्यावर नुसता पांढुरका डाग राहिला.

"हौ," तो म्हणाला. तो हौ मी आयुष्यात विसरणार नाही. त्यात माझी सात पिढ्यांची अक्कल काढलेली होती.

"अरे, तुझ्यासाठी करतोय."

"हौ."

"तांब्याच्या भावानं जाऊ दे मग?"

"हौ."

मी चप्पल घातली आणि निघालो. भाभी चहा आणत होती, तो तसाच राहिला. घरी येऊन बायकोला सांगितलं, की त्या माणसाचा ताठा लकव्यानंसुद्धा गेला नाही. कमल भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचा तरी कुठं गेलाय? तुम्हाला तर लकवाही झाला नाही." या बाईनं जन्मभर माझी बाजू कधी घेतली नाही. गेली तेव्हाही मला न सांगता गेली, दुपारी झोपेत. असो.

पुसलेला ठोकळा मी दुकानात आणला आणि रागारागानं बल्बांच्या पाटीला जोडला. दीडशेचा आहे, दीडशे ओझं टाकतो, बघू कोण खरं. दुपार चढत गेली. बाहेर डांबर मऊ झालेलं, आइस्क्रीमची गाडी सावलीला उभी. मी हात ठेवला. पहिला श्लोक अर्धासुद्धा झाला नाही. मग तो वास यायला लागला, अगदी बारीक, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून कांदा करपल्यासारखा. मी स्विच पाडला. एक जोडी काढली, गार होऊ दिला, पुन्हा. असं करत करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कुठं बसला म्हणाल तर शंभराला. शंभराला हात आरामात टिकला.

मी त्यातलाच एक ठोकळा खोलला. फळ्या उघडाव्यात तसे पत्रे सुटे केले. आणि मला सगळं दिसलं. पत्रे एका जातीचे नव्हतेच. काही चांगले, काही गंजून घासलेले, काही कुठल्या जळक्या मोटारीतून काढून सरळ केलेले. परमिटच्या जमान्यात नवा पत्रा मोठ्या कारखान्यांना मिळायचा. हमीदसारख्याला गुजरीतून, जुन्या बाजारातून, वापरलेला आणावा लागायचा. जुन्या पत्र्यात दम कमी, म्हणून तो थप्पी सव्वापट जाड रचायचा. लोखंड दीडशेचं, ताकद शंभराची, आणि ते त्याला एकट्याला माहीत. माझा हिशोब चुकीचा नव्हता. आजही म्हणतो, नव्हता. तो चांगल्या पत्र्याचा हिशोब होता. चांगला पत्रा हमीदच्या नशिबात नव्हता, त्याला मी काय करू?

आणि आता दारं उघडली म्हणत होते. आता पाहिजे तेवढा पत्रा बाजारात मिळायला लागला होता, परदेशी, चकचकीत, कागदासारखा पातळ. जन्मभर मिळाला नाही तो मिळायला लागला, तेव्हा गुंडाळणाऱ्याचा हात गेलेला आणि घेणारा प्लास्टिकच्या पेटीवर बसलेला. हा राग मी कुठं नेऊन ठेवू ते मला आजवर समजलेलं नाही. त्याला काही ऑफिस नसतं.

मी ओला फडका घेऊन सगळ्या फळ्यांवरचे आकडे पुसले. ठोकळे हातगाडीवर घातले, बल्बांची पाटी सायकलला बांधली आणि सगळं हमीदच्या अंगणात नेलं. बदामाच्या झाडाखाली टेबल मांडलं. त्यानं पाटी पाहिली, मला पाहिलं.

"हौ," म्हणाला. हा वेगळा होता.

मग आमचा तो उन्हाळा सुरू झाला. सकाळी एक ठोकळा जोडायचा, दुपारपर्यंत तो तापायचा. मी बदामाची पानं झाडायचो, भाभी माठातलं पाणी द्यायची, हमीद दिवाणावरून ठोकळ्याकडे बघत बसायचा, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसा. गल्लीच्या तोंडाला कुणाचं तरी लग्न, तिथं नवी हजार वॉटची पेटी फाटक्या आवाजात ओरडायची. सनई अशी, की बकरं कापतायत. हमीद डोळे मिटून डोकं हलवायचा. "हौ, हौ."

पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली. ठोकळा तापला. मी हात पुढं करणार तेवढ्यात हमीदनं डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि ठोकळ्यावर ठेवला. सपाट. जन्मभर तपासलं ते त्या हातानं, दुसरा हात त्याच्या लेखी हातच नव्हता. ओठ हलायला लागले, आत कलमा चालला असणार. चेहऱ्यावर इतकं समाधान की मीही बघत राहिलो. झाला असेल कलमा, हात तसाच. म्हटलं, वा, दणकट निघाला. आणखी एक जोडी पेटवली. हात तसाच. मला वास आला आणि मी ठोकळ्याकडे वाकलो. वास ठोकळ्याचा नव्हता.

मी तो हात झटकून उडवला. तळव्याचं कातडं पांढरं पडलेलं, फुगायला लागलेलं. हमीद त्याच्याकडे असा बघत होता की जणू तो माझा हात आहे.

"मूर्खा, कळत नाही त्या हाताला! कळत नाही आता!" मी ओरडलो. एवढा मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो. शेजारच्या गच्चीवरून बायका बघायला लागल्या. भाभी धावत आली, तिनं हात पाण्यात धरला आणि माझ्यावरच उलटली. "तुम दोनों मिलके एक हाथ तो छोड़ो उनका, भाई. खाने कू एक तो रहने दो." मला वाटलं ती आता पाटी रस्त्यावर फेकणार. तिनं नाही फेकली. हमीद डाव्या हातानं तिला थांबवत होता, आणि मग त्याच बोटानं त्यानं माझ्याकडे दाखवलं. माझ्या हाताकडे.

त्या दिवसापासून हात माझा. त्यानं डावा हात वापरला नाही, मी एकदा सुचवलं तर नुसतं बघितलं. मी पंजा ठेवायचो, श्लोक म्हणायचो. आणि तो? तो ठोकळ्याकडे बघायचा नाही. माझ्या हाताकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघायचा, टक लावून. माझी भुवई कधी हलते, ओठ कधी आवळतो, श्वास कुठल्या शब्दावर अडकतो. मी हट्टी माणूस, श्लोक पुरा करायचाच म्हणून धरून ठेवायचो, तर तो आधीच "हौ" म्हणून बोट वर करायचा. एक जोडी काढ. मी कबूल नाही करायचो. मग पुन्हा तपासलं की त्याचंच खरं निघायचं. माझा चेहरा माझ्यापेक्षा त्याला जास्त वाचता येत होता. तीस वर्षं भोकातून दुसरं काय बघितलं होतं त्यानं.

असा एकेक आकडा बसला. पांढऱ्या ऑइल पेंटनं मी तो घालायचो, हमीद ठोकळा जवळ ओढून बघायचा. पुसला एकही नाही. फक्त तो पहिला, देखणा, तो त्यानं पायाशी ठेवून घेतला होता. त्याच्यावर लिहू दिलं नाही. मीही मागितलं नाही, मला अजून त्याचा राग होता.

विकायचं काम माझं. माईक सेटवाल्या रामुलूकडे गेलो. हमीदच्या तीन ठोकळ्यांवर रामुलूच्या बापानं दोन पोरींची लग्नं लावली होती. रामुलू नव्या पेटीवरची धूळ पुसत होता. मी म्हटलं, शंभराचा आहे, घे. एकदम खात्रीचा शंभर.

"मामा," तो हसला, "ये देखो, दो हजार. तुम सौ लेके आए."

मी म्हटलं, ते लिहिलेलं आहे. तो म्हणाला, तुमचंही लिहिलेलंच आहे की. मी ठोकळा उचलला आणि निघालो. याचं उत्तर हमीदकडे होतं, पण त्याच्याकडे शब्द नव्हता.

दोन-चार गेले. देवळाच्या जुन्या सेटला एक, आणखी कुणी कीव करून. बकरीद आली. यादगिरी तागडी घेऊन आला आणि मी त्याला बाहेर हो म्हणालो नाही. त्यानं माल अंगणातच फोडायला घेतला, न्यायला हलका पडतो म्हणून. घण बसला की पत्रे सुटायचे, आणि माझा पांढरा आकडा मधोमध दुभंगायचा. हमीद दिवाणावरून बघत होता. मी म्हटलं, आत चल. तो म्हणाला, "हौ," आणि हलला नाही. शेवटपर्यंत बसला. मग पायाशी ठेवलेला ठोकळा त्यानं डाव्या पायानं माझ्याकडे सरकवला. यादगिरीकडे नाही, माझ्याकडे. पुढचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही.

आता परवाची गोष्ट. तारनाक्याला राहणारा एक पुण्याचा पोरगा, अनिकेत, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तो कुणाकडून तरी पत्ता काढत आला. आता म्हणे लोकांना पुन्हा व्हॉल्व्हचाच आवाज पाहिजे. उबदार असतो म्हणे. ज्यांनी तो घणाखाली घातला त्यांचीच पोरं आता उबेला आली आहेत. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो." मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्त राग आला.

त्याला ट्रान्सफॉर्मर पाहिजे होता. माझ्या पलंगाखाली तो एकच. बाहेर काढला, धूळ पुसली. पांढुरका डाग अजून तिथंच.

"यावर रेटिंग नाहीये, काका. मी मोजू का?" त्यानं मोजपट्टी काढली, मोबाईलवर काहीतरी केलं. "दीडशे येतंय."

पोरगा हुशार आहे. त्याचाही हिशोब बरोबर होता.

"पलंगाखाली बल्बांची पाटी आहे," मी म्हटलं, "ओढ."

दुपारभर बसलो आम्ही. सूनबाईनं सरबत दिलं आणि खिडकी उघडी ठेवली, आपणहून. ठोकळा तापला. त्यानं खिशातून पिस्तुलासारखं थर्मामीटर काढलं, त्यात आकडा आला, तो त्यानं मला वाचून दाखवला. मी म्हटलं, ठेव ते. आणि मी माझा पंजा ठेवला.

काही कळेना. गार आहे की गरम, काही नाही. साखरेच्या आजारानं तळहात मेले आहेत, डॉक्टर सांगत होता, मी ऐकत नव्हतो. मी श्लोक म्हणत होतो आणि त्या पोरानं माझा हात धरून बाजूला केला. "काका, भाजेल."

हमीद, हरामखोरा. बोलता येत होतं तेव्हा नुसते विनोद केलेस. पत्रा जुना आहे, हिशोब चालत नाही, एवढी दोन वाक्यं भोकातून टाकली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?

"काका, मी लिहून ठेवू का दीडशे?" पोरानं पेन काढलेलं.

"लिहू नको. हात ठेव तुझा. सपाट. आणि येत असेल ते म्हण काहीतरी."

"काय म्हणू?"

"शाळेत पाठ केलेलं काहीही."

त्यानं ठेवला. लाजत लाजत पाढे म्हणायला लागला, तेही इंग्रजीत. मी ठोकळ्याकडे बघितलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. सातच्या पाढ्याला त्याची डावी भुवई हलली, अगदी किंचित, त्याला स्वतःला पत्ता नाही.

"एक जोडी काढ," मी म्हटलं.

"पण मला सहन होतंय, काका."

"हौ," मी म्हटलं. "काढ."